विचाराधीन किनारा

नस्तीवर ‘विचाराधीन’ असा शेरा मारल्याने प्रश्न सुटत नाही. तो पुढच्या अधिकाऱ्याच्या मेजावर जातो, इतकेच. अलास्काच्या ईशान्य कोपऱ्यातील आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य हे याचे ठळक उदाहरण होय.

१९६० मध्ये हा प्रदेश राखीव झाला. १९८० च्या कायद्याने त्याचा विस्तार सुमारे ७३ हजार चौरस किलोमीटरपर्यंत नेला आणि शीनजेक, आयविशाक व विंड या नद्यांना विशेष संरक्षण दिले. मात्र ब्रूक्स पर्वत आणि ब्यूफोर्ट समुद्र यांमधील सुमारे ६ हजार चौरस किलोमीटरच्या किनारी मैदानात तेल काढावे की नाही, हा निर्णय कलम १००२ अन्वये संसदेसाठी शिल्लक ठेवला. वरील तीनपैकी एकही नदी या मैदानातून वाहत नाही!

२०१७ च्या कर कायद्याने उत्खननाची वाट मोकळी केली. २०२१ च्या पहिल्या लिलावाकडे मोठ्या तेल कंपन्या फिरकल्या नाहीत. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात तर एकही बोली आली नाही. तरीही त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी चार लिलाव कायद्याने बंधनकारक झाले.

या वादात पाण्याचा विचार फारसा होत नाही. हुलाहुला, कॅनिंग यांसारख्या नद्या हिवाळ्यात बहुतांशी तळापर्यंत गोठतात. झऱ्यांजवळ जे थोडे पाणी वाहते राहते, त्यातच मासे हिवाळा काढतात. उत्खननासाठी बर्फाचे रस्ते करायचे, तर त्यांना गोडे पाणी हवे आणि ते याच ऋतूत हवे.

मूलनिवासींचेही एकमत नाही. या मैदानात वीणारे पोर्क्युपाइन कॅरिबूंचे कळप हा ग्विचिन समाजाच्या जीवनाचा आधार, म्हणून त्यांचा उत्खननास विरोध आहे; किनाऱ्यावरील काक्टोव्हिक गावातील अनेक इनुपियाट मात्र त्यात शाळा, दवाखाने आणि रोजगार पाहतात. त्यांची अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. परंतु नागरी सुविधा पुरविणे हे शासनाचे मूळ कर्तव्य आहे. ते तेलाच्या उत्पन्नावर अवलंबून ठेवणे योग्य नव्हे.

म्हणून माझे मत असे, की या मैदानाला कायमचे संरक्षण द्यावे आणि काक्टोव्हिकसाठी स्वतंत्र तरतूद त्याच कायद्यात करावी. गोठणभूमी वितळून तो किनारा आधीच ढासळत आहे. शेरे बदलत राहण्याइतका अवधी त्याच्यापाशी उरलेला नाही.