गुलाबाला नावं ठेवणारे

आपल्याकडे अनोळखी गुलाबाला नाव द्यायच्या दोनच पद्धती आहेत. एक म्हणजे "गावठी आहे हो तो" असं म्हणून विषय संपवायचा. दुसरी म्हणजे मोबाईल काढायचा, फुलाचा एक फोटो मारायचा आणि अ‍ॅप जे पहिलं नाव सांगेल ते ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं. पहिली पद्धत आजी-आजोबांची, दुसरी आमच्या पिढीची. आणि माझ्या मते दुसरी जास्त वाईट. गावठी म्हणणारा निदान खोटं तरी बोलत नाही!

आता तुम्ही म्हणाल, वीकेंडला एवढं चिडायला काय झालं? एका फुलाचं नाव चुकलं तर कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. कसं ते सांगतो.

मस्क रोझ, म्हणजे रोझा मोश्चाटा, हा युरोपातल्या बागांमधला जुना गुलाब. पांढरी, सुवासिक, झुपक्यांनी येणारी फुलं, आणि बहर उन्हाळा सरता सरता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या हिमालयातला रोझा ब्रुनोनाय इंग्लंडात पोचला. (हिमाचल-उत्तराखंडात ट्रेकला जाणाऱ्यांनी हा नक्की पाहिला असेल, तिकडे त्याला कुजा किंवा कुंजा म्हणतात.) यालाही पांढरी, सुवासिक, झुपक्यांची फुलं. झालं! हळूहळू याच्या गळ्यात त्याची पाटी पडली. लोक खुशाल 'मस्क रोझ' लावत होते आणि खरा मस्क रोझ बागांमधून जवळजवळ नाहीसा झाला होता.

ग्रॅहॅम स्टुअर्ट थॉमस या गुलाबतज्ज्ञाला खटकलं ते एवढंच, की जुनी पुस्तकं याचा बहर उशिरा येतो म्हणतात, मग बागेतला हा उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच कसा फुलतो? शेवटी 1963 साली लंडनजवळच्या मिडलटन हाऊसच्या जुन्या बागेत त्यांना खरा मस्क रोझ सापडला. विचार करा, तो हरवलाय हेच कुणाच्या लक्षात येत नव्हतं. कारण पाटी जागेवर होती ना!

आमच्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. डेटाबेसमध्ये एखादा रकाना रिकामा असला तर कुणीतरी ओरडतं आणि शोधाशोध होते. पण त्यात चुकीची माहिती भरलेली असली तर सगळं सुरळीत चाललंय असं वाटत राहतं. रिकामा रकाना प्रामाणिक असतो. चुकीचा भरलेला रकाना घात करतो.

बरं, नुसत्या फुलाच्या फोटोवरून गुलाब ओळखणं म्हणजे शर्टाच्या रंगावरून माणूस ओळखणं. गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचे गुलाब शेकड्यांनी आहेत. खरी ओळख भलतीकडेच असते. पानाच्या देठाच्या बुडाशी चिकटलेली छोटी उपपर्णं बघा. मल्टिफ्लोरा असेल तर त्यांना झालरीसारख्या कडा असतात. काटे सरळ की आकडेदार, पर्णिका पाच की सात, फूल वर्षातून एकदाच की पुन्हा पुन्हा, फळ गोल की लांबट, हे सगळं पाहावं लागतं. म्हणजे किमान एक वर्ष त्या झाडाकडे जात राहावं लागतं. एका क्लिकमध्ये कसं होणार?

त्यात आणखी एक गोची. नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा डोळा भरलेला असतो. वरचा मेला की खालच्या खुंटाचे फुटवे जोमाने वाढतात आणि फुलतात. अमेरिकेत जुन्या घरांपुढे दिसणारे 'अज्ञात' गडद लाल गुलाब पुष्कळदा 'डॉ. ह्यू' निघतात. ही 1920 ची जात तिथे खुंट म्हणून प्रचंड वापरली गेली. आजीने लावलेला गुलाब केव्हाच गेलेला असतो, नातवंडं खुंटाला पाणी घालत असतात :-)

"मग डीएनए तपासा ना!" जरूर तपासा. पण जुळवणार कशाशी? खात्रीचा नमुना हवा. त्याच्यावरचीच पाटी चुकलेली असेल तर मशीन ती चूक शिक्क्यानिशी परत देईल.

तर मग करायचं काय? जे जुन्या गुलाबांचे शोधे करतात ते. सापडलेल्या अनोळखी गुलाबाला जागेवरून किंवा घरमालकावरून एक कामचलाऊ नाव द्यायचं आणि ते दुहेरी अवतरणात लिहायचं. दुहेरी अवतरण म्हणजे 'खरं नाव अजून माहीत नाही'. टेक्सासात केटी रोडवर सापडलेला "केटी रोड पिंक" असाच नांदला. पुढे कळलं की हा तर ग्रिफिथ बक यांचा 1977 चा 'केअरफ्री ब्यूटी'! कुणाची फजिती झाली नाही, कारण कुणी छातीठोक दावा केलाच नव्हता. बर्म्युडात तर 1954 पासून रोझ सोसायटी आहे आणि तिथे अशा गुलाबांना सरळ 'मिस्टरी रोझेस' म्हणतात. तिथला "स्मिथ्स पॅरिश" नाव न कळताही जपला गेला. नाव नसणं म्हणजे किंमत नसणं नव्हे.

आणि इथेच मला गावठीवाल्यांशीही भांडायचंय. ते खोटं बोलत नाहीत हे खरं, पण 'गावठी' म्हटलं की झाड बेवारस होतं. वाडा पाडायचा ठरला की तुळशीवृंदावन हलवतात, देव हलवतात, मागच्या अंगणातला पन्नास वर्षांचा गुलाब मात्र जेसीबीखाली जातो. का? तर गावठीच होता!

म्हणून म्हणतो मंडळी, अ‍ॅप वापरायचं तर वापरा, पण त्याचं उत्तर म्हणजे पहिला अंदाज, निकाल नव्हे. एक कार्ड लिहा: "जोशीवाडा गुलाबी", कुठे सापडला, कुणी लावला, कोणत्या महिन्यात फुलतो. आणि दोन काड्या कापून कुंडीत लावा. नाव दहा वर्षांनीही सापडेल. झाड गेलं तर नाव मिळून काय करायचंय?