पाटे आणि पाट

माझ्या मेहुण्याने जुनी जीप घेतली, याबद्दल माझी तक्रार नाही. स्वतःच्या पैशाने हौस करणाऱ्याला आम्ही बँकवाले नावं ठेवत नाही. पैसा आमचा असला तर फक्त हप्ते ठेवतो. तक्रार आहे ती त्याने जीप चार इंच उंच केली याची, आणि त्याहून मोठी तक्रार, उंच केल्यावर ती 'मजबूत' करायला घेतली याची.

"भावोजी, गाडीला ऐट आली की नाही? फक्त वळणावर जरा झोकांड्या खाते. सस्पेन्शन स्ट्राँग करून घेतो," शेखर म्हणाला.

मी कॉमर्सचा. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण एका बाजूला जमा पडलं की दुसऱ्या बाजूला कुठेतरी नावे पडतंच, एवढं कळतं. चार इंच उंची जमा झाली. नावे काय पडलं? गुरुत्वमध्य वर गेला, म्हणजे कलंडायची ओढ वाढली. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टचा कोन वाढला, म्हणून त्याचे सांधे झिजू लागले. स्टिअरिंगचा दांडा तिरका झाला, म्हणून खड्डा आला की स्टिअरिंग आपणहून हिसका देऊ लागलं. ब्रेकचे रबरी नळ ताणले गेले. यावर शेखरने काढलेला उपाय आमच्या कितीतरी खातेदारांचा आहे: जुनं कर्ज फेडायला नवं काढायचं. मिस्त्रीने प्रत्येक चाकावर दोन-दोन पाटे वाढवले आणि कडक शॉक अब्सॉर्बर ठोकले.

आता कांद्याची पोती लादणारा पिकअपला जादा पाटे घालतो, ते मी समजू शकतो. शेखरच्या जीपमधलं ओझं म्हणजे पाण्याची बाटली आणि मी! शिवाय डोंगरातल्या गाडीला कडकपणा नकोच असतो. एक चाक दगडावर चढलं, तर दुसऱ्याने खळग्यात उतरून जमीन धरायची असते. पाटे लवलेच नाहीत, तर ते चाक हवेत गरगर फिरतं आणि गाडी जागच्या जागी गुरगुरते. म्हणजे रानासाठी मजबूत केलेली गाडी रानातच निकामी! १९४१ पासूनच्या महायुद्धात जीपने वाळू-चिखल तुडवला, तो कारखान्याने दिलेल्या उंचीवर. शेखरच्या वाटेत येतात ते सोसायटीचे दोन गतिरोधक.

कायद्याचं म्हणाल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे. मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय. हे मी शेखरला सांगितलं. तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही फारच बँकेत असल्यासारखं बोलता." मी बँकेतच असतो.

मग सासूबाईंना जेजुरीला न्यायचं ठरलं. वय सत्त्याहत्तर, गुडघे त्याच वयाचे. पाय पायदानापर्यंत पोचेना. वहिनींनी स्वयंपाकघरातून पाट आणला. पुरला नाही, म्हणून दुसरा. जीपला पाटे वाढवले आणि आईला पाट लागले! रस्ताभर प्रत्येक खड्डा सगळे पाटे ओलांडून थेट त्यांच्या कमरेत पोचत होता. मजबुती कुठे जाते, ते तेव्हा मला नीट कळलं. पाटे वाकत नाहीत, मग माणूस वाकतो.

दिवे घाटात समोरून वळणावर ट्रक आला. शेखरने स्टिअरिंग झटकन फिरवलं आणि माझ्या बाजूची चाकं क्षणभर हलकी झाली. बसल्या जागी कळतं ते. पुढे घाट चढून होईपर्यंत जीपमध्ये कुणी बोललं नाही. शेखरच्या मानेवर घाम होता. दर्शन होईपर्यंत सासूबाईही गप्पच होत्या. नंतर भंडाऱ्याने पिवळं झालेलं कपाळ पुसत म्हणाल्या, "शेखर, तू ये सावकाश. मी एसटीनं जाते. तिला पायरी तरी असते."

मी त्यांच्याबरोबर निघालो. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली. त्यांचं फुकट, माझं पुरं.