हिरवा दिवा कुणाच्या हातात?

ॲप उघडत नाही, लॉगिन होत नाही, पैसे कापले गेले पण पावती आली नाही. मग आपण त्या कंपनीचं स्टेटस पेज उघडतो. तिथे हिरवी पट्टी असते आणि सगळ्या सेवा सुरळीत चालू असल्याचं लिहिलेलं असतं. आपण पाच-सात वेळा रिफ्रेश करतो, वायफायला शिव्या घालतो, फोन बंद करून चालू करतो. शेवटी ग्रुपवर विचारतो, "तुमचं चालतंय का रे?" दोन मिनिटांत दहा जण "नाही" म्हणतात. पेज अजून हिरवंच असतं.

माझं म्हणणं साधं आहे. सेवा चालू आहे की बंद, हे सांगणं फक्त सेवा पुरवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. वापरणाऱ्यांनी ते स्वतः मोजावं, कुणालाही तपासता येईल अशा ओपन सोर्स सॉफ्टवेअरने मोजावं, आणि ते सॉफ्टवेअर मोजल्या जाणाऱ्या सेवेपासून वेगळ्या जागी चालवावं. याला तंत्रवेड्यांची हौस म्हणून हसणाऱ्यांनी पुढचे दोन प्रसंग बघावेत.

२८ फेब्रुवारी २०१७. ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या यंत्रणेवर काम करताना एका कर्मचाऱ्याची कमांड चुकली आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले. फाइली साठवणारी त्यांची एस-थ्री ही सेवा सुमारे चार तास कोलमडली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य साइट्सही तिच्यासोबत गेल्या. कंपनीच्या स्टेटस पेजवर मात्र बराच वेळ हिरवे दिवे होते. ते दिवे बदलायची यंत्रणाच एस-थ्रीवर अवलंबून होती! शेवटी कंपनीला ट्विटरवरून खुलासा करावा लागला.

एप्रिल २०२२. अटलासियन ही कंपनी इतरांना स्टेटस पेज बनवून देण्याचाही धंदा करते. तिच्या एका स्क्रिप्टला चुकीचे क्रमांक दिले गेले आणि ७७५ ग्राहकांच्या साइट्स पुसल्या गेल्या. काहींना परत मिळायला १४ दिवस लागले. गेलेल्या सेवांमध्ये स्टेटस पेजची सेवाही होती. ग्राहकांच्या संपर्काची माहितीही साइटसोबत पुसली गेल्यामुळे कुणाला कळवायचं, हाच प्रश्न झाला. आपण आधीच उघडपणे बोलायला हवं होतं, हे कंपनीने नंतर स्वतःच्या अहवालात मान्य केलं.

या दोन्ही ठिकाणी हुशार इंजिनिअरांची वा पैशांची कमतरता नव्हती. कमी होती ती बाहेरून बघणाऱ्या डोळ्यांची.

पण याहून मोठा रोग माणसांचा आहे. अनेक स्टेटस पेजवरचा दिवा आपोआप बदलत नाही. कुणीतरी तो हाताने बदलतो, आणि त्याआधी साहेबाला विचारतो. करारात ९९.९ टक्के अपटाइमचं वचन असेल, तर लाल दिव्याचा प्रत्येक मिनिट हिशोबात धरला जातो, आणि हिशोब चुकला की ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. मग दिवा लाल करायची घाई कोण करेल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या टक्क्यांकडेही नीट बघा. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं बंद. ९९ टक्के म्हणजे तब्बल ७ तास १२ मिनिटं बंद. कोणती ४३ मिनिटं, हे टक्केवारी सांगत नाही. पहाटे तीनला गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेला रात्री ११ वाजून १७ मिनिटांनी गेली, तर एखाद्या मुलीचं वर्ष जातं. महिनाअखेरीच्या आकड्यात दोन्ही सारखीच दिसतात.

१२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार अडकले तेव्हाही हेच दिसलं. एनपीसीआय यूपीआयच्या अपटाइमचे मासिक आकडे प्रसिद्ध करते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण किराणा दुकानात पिशवी भरून उभ्या असलेल्या माणसाला महिन्याचा आकडा काय कामाचा? बँक गंडली, ॲप गंडलं, की सगळंच बंद आहे, हे त्याला त्या क्षणी कळायला हवं.

प्रवेश, शिष्यवृत्ती, भरती यांच्या पोर्टलवर तर पुरावा द्यायची जबाबदारी अर्जदारावरच येऊन पडते. "सर्व्हर डाऊन होता" म्हटलं की समोरचा विचारतो, "पुरावा?" ई-सेवा केंद्रात चार तास बसलेल्या मुलाकडे जास्तीत जास्त एक स्क्रीनशॉट असतो, आणि त्यावर उत्तर तयार असतं की तुमचंच नेट गेलं असेल. तो अडतो, कारण मिनिटामिनिटाची नोंद फक्त समोरच्याकडे असते.

ही नोंद ठेवणं आज अवघड राहिलेलं नाही. 'अपटाइम कुमा' हे सॉफ्टवेअर लुई लॅम या डेव्हलपरने २०२१ मध्ये आणलं. कुमा म्हणजे जपानीत अस्वल. एमआयटी परवान्याखाली ते फुकट आहे आणि त्याचा कोड कुणीही वाचू शकतो. डॉकर येत असेल तर तासाभरात उभं राहतं आणि महिन्याला काही शे रुपयांच्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर चालतं. तुम्ही पत्ता द्यायचा, ते दर मिनिटाला दार वाजवून बघतं, नोंद ठेवतं, दार उघडलं नाही तर टेलिग्रामवर कळवतं आणि सगळ्यांना बघता येईल असं स्टेटस पेजही बनवतं.

त्यातली कीवर्ड तपासणी जरूर वापरा. कित्येकदा पान उघडतं, सर्व्हर सगळं ठीक असल्याचा २०० हा कोडही देतो, आणि पानावर मात्र 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं लिहिलेलं असतं. 'अर्ज भरा' हे शब्द पानावर सापडले तरच सेवा चालू धरा, असं त्याला सांगता येतं.

आता आक्षेप. "घरच्या जुन्या लॅपटॉपवर ठेवलं आणि लाइट गेली तर?" तर राखणदारच झोपेल. म्हणून ते घरी ठेवू नका. तुमची साइट जिथे आहे तिथेही ठेवू नका, नाहीतर ॲमेझॉनचीच गत होईल. "एकाच ठिकाणाहून बघितलं तर चूक होऊ शकते." खरं आहे. म्हणून दोन गावांतल्या दोन मित्रांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर ते चालवावं आणि एकमेकांवरही नजर ठेवावी. दोन्ही नोंदी जुळल्या की "तुमचंच नेट गेलं असेल" हे उत्तर टिकत नाही. "आधीच वाकलेल्या सर्व्हरवर आणखी ओझं कशाला?" मिनिटाला एकदा पान मागणं म्हणजे काहीच नाही. चिडून रिफ्रेश दाबत बसलेला एक माणूस त्याहून जास्त ओझं टाकतो. "फुकटच्या तयार सेवा आहेत की!" आहेत, जरूर वापरा. पण त्यांचा मालक उद्या योजना बदलेल, जुनी नोंद पुसेल, तेव्हा तुमच्या हातात काय उरेल?

हे काम प्रत्येकाने करायची गरज नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागातल्या चार पोरांनी आपल्या जिल्ह्यातले विद्यार्थी वापरतात ती पोर्टलं नोंदवली आणि पेज उघडं ठेवलं, तरी हजारोंच्या हाती पुरावा येईल. वर्षाच्या प्रोजेक्टला पुन्हा एकदा लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम बनवण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे.

आणि पोर्टल चालवणाऱ्यांकडे मागणी एकच. अर्जाची शेवटची तारीख जाहीर करता, तशी त्या काळातली अपटाइमची नोंदही जाहीर करा. हाताने रंगवलेली नको, यंत्राने ठेवलेली द्या. जितके तास दार बंद होतं, तितके तास मुदत आपोआप वाढवा. त्यासाठी कुणाला निवेदन द्यावं लागू नये, आंदोलन करावं लागू नये. तोपर्यंत आपली नोंद आपणच ठेवू.