छत्तीस महिन्यांचा हिशोब

अप्रेझलची पत्रे हातात पडली की हिंजवडी-खराडीतल्या कँटीनमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : पीएमपी करून टाकू का? बढती हुकलेली असते, मागून आलेला सहकारी पुढे गेलेला असतो, आणि लिंक्डइनवर त्याच्या नावापुढे ती तीन अक्षरे असतात. अक्षरांमुळेच तो पुढे गेला, हा निष्कर्ष चहा संपायच्या आत निघतो. आठवड्याभरात क्लासची फी भरली जाते. परीक्षेचा अर्ज मात्र सगळ्यात शेवटी उघडला जातो, आणि गोची तिथेच आहे.

पीएमपी देणारी प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही अमेरिकी संस्था 1969 सालची. हे प्रमाणपत्र ती 1984 पासून देते. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते. पदवी नसेल तर 36 चे 60 होतात. क्लासच्या जाहिरातीत 35 तास ठळक अक्षरांत असतात, कारण ते विकता येतात. छत्तीस महिने विकता येत नाहीत. त्यांच्याबद्दल विचारले तर उत्तर ठरलेले : ‘ते सोडा, फॉर्म आम्ही भरून देतो.’

या वाक्याला भ्यायला हवे. तयार मजकूर मिळतो, त्यात आपल्या कंपनीचे नाव घालायचे. दर शुक्रवारी स्टेटस रिपोर्ट पाठवणारा टेस्टर कागदावर अख्ख्या प्रकल्पाचा सूत्रधार होतो. एकाच वेळी चाललेल्या दोन प्रकल्पांचे महिने दोनदा मोजता येत नाहीत, तेही मोजले जातात. संस्था काही अर्ज तपासणीसाठी निवडते. मग ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांच्याकडून त्या अनुभवाला दुजोरा आणावा लागतो. तेव्हा जुन्या मॅनेजरला फोन करताना जीभ जड होते.

तपासणीतून सुटलेल्याचे पुढे काय होते, हे मला जास्त गंभीर वाटते. प्रमाणपत्राच्या जोरावर नोकरी मिळते आणि खराच प्रकल्प गळ्यात पडतो. रिस्क रजिस्टरचे रकाने त्याला पाठ असतात. पण ‘तारीख पाळता येणार नाही’ हे क्लायंटला तोंडावर सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते. दोन वरिष्ठ एकमेकांविरुद्ध आदेश देतात तेव्हा कोणाचे ऐकायचे, हे क्लासात शिकवत नाहीत. पाठ केलेलेही फार टिकत नाही. संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या 2017 च्या सहाव्या आवृत्तीत 49 प्रक्रिया होत्या, त्या घोकून लोक पास झाले. 2021 च्या सातव्या आवृत्तीने ती मांडणी बाजूला ठेवून 12 तत्त्वे पुढे आणली. ज्याने काम केले होते त्याला दोन्हींत आपलेच काम दिसले. घोकणाऱ्याला पुन्हा क्लास लावावा लागला.

यावर एक लाडका युक्तिवाद आहे : ई. श्रीधरन यांच्याकडे कुठे पीएमपी होते? त्यांच्या हातून कोकण रेल्वे झालीच ना! युक्तिवाद आळशी आहे. महामंडळ 1990 साली स्थापन झाले आणि 1998 च्या जानेवारीत सगळा मार्ग सुरू झाला, हे खरे. पण 1964 च्या वादळात मोडलेला पांबनचा पूल 46 दिवसांत उभा केल्यापासून रेल्वे खाते त्यांना ओळखत होते. ओळखीच्या माणसाला परिचयपत्र लागत नाही. प्रमाणपत्र हे परिचयपत्रच आहे, ते अनोळखी माणसासाठी असते. रोज शेजारी बसणाऱ्या साहेबाला तुमचे काम दिसते आहे. ते त्याला पसंत नसेल तर तीन अक्षरांनी मत बदलणार नाही. कंपनी बदलताना, देश बदलताना, किंवा निविदेत प्रकल्प व्यवस्थापकाची पात्रता लिहून मागितलेली असते तेव्हा मात्र ते दार उघडते.

म्हणून पत्र कोणाला लिहायचे आहे हे आधी ठरवावे. ब्रिटिश सरकारी कामांतून वाढलेल्या प्रिन्स-टू या प्रमाणपत्राला इंग्लंडमध्ये वजन आहे. तिकडे जायचे नसेल, तिकडचा क्लायंट नसेल, तर पुण्यात ते भिंतीवर शोभते. दोन दिवसांच्या स्क्रम मास्टर कोर्सबद्दल फार बोलण्यासारखे नाही. भाषा कळते, तेवढ्यासाठी ठीक.

मेट्रोच्या नाही तर पुलाच्या साइटवरच्या इंजिनियरने तर आयटीतल्या मित्राची नक्कल करूच नये. तिथे पैसा बुडतो तो कराराच्या कलमांत. फिडिकच्या 1999 च्या लाल पुस्तकानुसार, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुन्यानुसार, जादा वेळ किंवा पैसा मागायचा तर कारण कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती चुकली की कंत्राटदाराचा हक्कच जातो, मग जागा सहा महिने उशिरा ताब्यात आलेली असो. हे माहीत असलेला आणि पत्रव्यवहाराची फाइल नीट ठेवणारा माणूस कंपनीला हवाच असतो. त्याने करार व्यवस्थापन शिकावे, प्रिमाव्हेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरवर हात बसवावा. पीएमपी नंतरही करता येते.

आणि घेतले म्हणजे संपले असेही नाही. पीएमपी टिकवायला दर तीन वर्षांत 60 गुण जमवावे लागतात आणि नूतनीकरणाची फी भरावी लागते.

तेव्हा क्लासला पैसे देण्याआधी एका रविवारी कोरा कागद घ्या. प्रत्येक प्रकल्पापुढे महिने लिहा, त्यात कोणता निर्णय तुमचा होता ते लिहा, आणि शेवटच्या रकान्यात ज्याला आजही फोन करता येईल अशा साहेबाचे नाव. जिथे हा रकाना रिकामा राहील, ते महिने बेरजेत धरू नका.