शेजारधर्म आणि वायूची नळी

शेजारी निवडतां येत नाहीं. परंतु त्याच्याशीं व्यवहार कसा ठेवावा हें आपल्या हातीं असतें. हा नियम घरांप्रमाणें राष्ट्रांसही लागू आहे.

आपला बीड जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामी राज्यांत होता व लगतचा नगर जिल्हा १९४७ सालापर्यंत ब्रिटिश मुलखांत. भाषा एक, परंतु मध्यें करोडगिरीची जकात! पुढें ती सीमा गेली व बाजार एक झाला. नैसर्गिक वायूसंबंधीं आज राष्ट्राराष्ट्रांपुढें असाच प्रश्न उभा आहे.

हा वायु चुलीस लागतो, तसा युरिया बनविण्यासही लागतो. युरियाचा भाव सरकारनें बांधून दिला असल्यामुळें वायु महागला कीं त्याचा भार तिजोरीवर, म्हणजे अखेर आपणांवरच पडतो. देशास लागणारा सुमारें निम्मा वायु परदेशांतून येतो. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो व जहाजानें दाभोळसारख्या बंदरीं आणून पुन्हां वायुरूप करावा लागतो. नळीनें आणल्यास हा खटाटोप वांचेल. म्हणूनच तुर्कमेनिस्तानांतून अफगाणिस्तान व पाकिस्तान यांमार्गें पंजाबांतील फाजिल्क्यापर्यंत सुमारें १८०० किलोमीटरची नळी टाकण्याचा करार २०१० सालीं झाला. २०१५ सालीं तुर्कमेनिस्तानांत कामास आरंभही झाला. परंतु वायु अद्यापि आपल्या सीमेवर पोंचलेला नाहीं. येथें पोलादाची वाण नाहीं, विश्वासाची आहे.

कित्येक म्हणतील, "आपल्या चुलीची कळ शेजाऱ्याच्या हातीं कां द्यावी?" ही शंका पोकळ नव्हे. २०२२ सालीं रशियानें वायु आंखडतांच युरोपांत भावाचा भडका उडाला. तरी तेथील राष्ट्रें आपसांत नळ्यांनीं जोडलेलीं होतीं व नेदरलंडच्या पेठेंत भाव उघडपणें ठरत होता. म्हणून जहाजांनीं आलेला वायु किनाऱ्यावरून आंतल्या देशांस पोंचवितां आला. दोष जोडणीचा नव्हता. एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा होता.

यास्तव आमचें मत असें, कीं नळ्या अवश्य जोडाव्या, बंदरेंही राखावीं, आणि भाव उघड्या पेठेंत ठरावा. आपल्या देशांत २०२० सालीं 'इंडियन गॅस एक्स्चेंज' ही पेठ सुरू झाली, हें सुचिन्हच होय. एकाच आडावर विसंबणाऱ्या गांवाचे दुष्काळांत काय हाल होतात, हें बीडकरांस सांगावयास नको. शेजाऱ्याचा आड आपल्यास व आपला त्यास उपयोगी पडावा. पण स्वतःचा आड कोणींही बुजवूं नये.