वेठ सोडा, वाद्य सोडू नका



दीक्षा घेतलेल्या घरात पहिल्याच वर्षी एक प्रश्न हटकून उभा राहतो. देव्हाऱ्यातील मूर्तींचे काय करावयाचे, हे बावीस प्रतिज्ञांनी सांगितलेले असते. परंतु भिंतीवरच्या खुंटीला टांगलेल्या हलगीचे काय करावयाचे, याचे उत्तर कोणत्याही प्रतिज्ञेत लिहिलेले नाही. मंठ्याच्या परिसरात ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या लग्नांत, पोळ्यात आणि जत्रेत वाद्ये वाजविली, त्या घरांतील वडीलधारी माणसे म्हणतात, "ही आपल्या गुलामीची खूण आहे. चुलीत घाला ती." त्यावर घरातला तरुण मुलगा विचारतो, "मग आबा, जयंतीला वाजवायचे काय?" आबांपाशी उत्तर नसते. मग वर्गणी गोळा होते आणि भाड्याचा डीजे येतो.

या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच. माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. वेठ सोडलीच पाहिजे. वाद्य मात्र सोडू नये.

वडिलांचा राग खोटा नाही, हे प्रथम मान्य करा. गावाच्या लग्नात नवरदेवाच्या घोड्यापुढे उन्हातान्हात वाजवीत जावयाचे, आणि पंगत मात्र सर्वांची उठल्यावर, तीही उकिरड्याच्या बाजूला. ज्या देवळापुढे तासन्‌तास हलगी घुमवायची, त्या देवळाची पायरी चढावयाची नाही. याला गावाने 'मान' असे गोंडस नाव दिले होते. नाही म्हणण्याचा अधिकार ज्यात नाही, तो मान कसला? ती वेठच होय. तेव्हा दीक्षेनंतर ज्यांनी गावकीचे वाजविणे बंद केले, त्यांनी योग्य तेच केले. त्या निर्णयापायी गावाचा रोष पत्करावा लागला असेल, तर त्यांचे धैर्य अभिनंदनास पात्र आहे.

परंतु अपराध कोणाचा, हे नीट पाहा. अपराध चामड्याचा नव्हे, आणि वाजविणाऱ्या बोटांचाही नव्हे. अपराध आहे तो त्या बोटांवर हुकूम चालविणाऱ्या व्यवस्थेचा. हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी किती काटेकोरपणे जाणला होता, हे त्यांच्या दोन कृतींवरून दिसते.

पहिली कृती नकाराची आहे. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहासाठी पैशाची निकड होती. त्या वेळी प्रसिद्ध शाहीर पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाचे खेळ करून उत्पन्न देण्याची तयारी दाखविली. पठ्ठे बापूराव जन्माने कुलकर्णी, आणि त्यांच्या फडाचे वैभव होती ती अस्पृश्य समाजात जन्मलेली पवळा. बाबासाहेबांनी तो पैसा घेतला नाही. आमच्या भगिनींना नाचवून मिळविलेल्या द्रव्यावर आमच्या मुक्तीचा लढा उभारावयाचा नाही, हा त्या नकाराचा अर्थ होता.

दुसरी कृती स्वीकाराची आहे. सत्यशोधक चळवळीने जोतीरावांचा विचार खेड्यांत नेण्यासाठी जलसा हे साधन घडविले होते. पुढे १९३०च्या सुमारास नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव निघाले. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, रात्रभर जागणारा समुदायही तोच. परंतु आतला माल पार बदलला. तमाशातील गणात गणपतीची आळवणी असे. जलशाने तेथे महापुरुषांना वंदन केले. गौळणीची थट्टा गेली. नाचणारी स्त्री गेली. स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. सोंगाड्या राहिला, पण तो आता बाईची खोडी काढीत नसे; तो भटजीला, सावकाराला आणि पाटलाला अडचणीचे प्रश्न विचारीत असे. मृत जनावराचे मांस सोडा, मुलांना शाळेत घाला, महारकीची हीन कामे टाका, हा उपदेश हसत-हसवीत लोकांच्या गळी उतरे. १९३७च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचा प्रचार याच जलशांनी वस्त्यावस्त्यांतून केला. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे जुने जलसेकार अभिमानाने सांगत.

ढोलकी दोन्हीकडे होती. एके ठिकाणी बाबासाहेबांनी पाठ फिरविली, दुसऱ्या ठिकाणी पाठ थोपटली. यापेक्षा स्पष्ट निवाडा आपणांस आणखी कोणता हवा?

काही उपासक शंका घेतात की, धम्मात नृत्य-गीत-वाद्य वर्ज्य सांगितले आहे. ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर दिले पाहिजे. गृहस्थ उपासक जे पंचशील ग्रहण करतो, त्यात संगीताचा निषेध नाही. उपोसथाच्या दिवशी जे अष्टशील घेतले जाते, त्यात नाचगाणे-तमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचे व्रत आहे. ते त्या दिवसापुरते पाळावे. दीघनिकायात पंचशिख गंधर्व वीणा वाजवून गातो, तेव्हा त्याच्या तारांचा स्वर आणि कंठाचा स्वर एकमेकांत कसे मिसळले आहेत, याची भगवंतांनी प्रशंसा केल्याचे वर्णन आहे.

संयुत्तनिकायातील तालपुटाची कथा तर प्रत्येक कलावंताने मनात कोरून ठेवावी अशी आहे. तालपुट हा नाटक मंडळीचा नायक होता. लोकांना हसविणारा नट मेल्यावर हसणाऱ्या देवांच्या लोकी जातो, असे त्याच्या गुरुजनांनी त्याला सांगितले होते. हे खरे काय, असे त्याने भगवंतांना पुन्हा पुन्हा विचारले. भगवंतांनी प्रथम उत्तर देण्याचे टाळले. अखेर सांगितले की, लोक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात. त्यांच्यात हेच विकार वाढविणाऱ्याची गती चांगली नाही. तालपुट रडला. पूर्वजांनी आपणांस इतकी वर्षे फसविले, याचे ते रडणे होते. पुढे तो भिक्खू झाला, अर्हत झाला, आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आजही आहेत. कलेची कसोटी येथे मिळते. जे गाणे ऐकून माणसाचा मोह वाढतो ते टाकाऊ. जे ऐकून तो जागा होतो ते धम्माचे. आणि हेही पाहा की नाट्य सोडून आलेल्या तालपुटाने काव्यवाणी सोडली नाही.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. त्यालाच पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले. त्या काळी आपला मंठ्याचा भाग परभणी जिल्ह्यात आणि हैदराबाद राज्यात मोडत होता. जालना जिल्हा १९८१ साली झाला. निजामी अमलातून नुकत्याच सुटलेल्या या प्रदेशातील खेड्यापाड्यांची मुले तेथे शिकावयास आली. त्या महाविद्यालयाचे प्रा. म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. रामायणकाळापासून आजवर अस्पृश्याने सोसलेल्या दुःखाचा तो प्रवास आहे. १९५५ साली महाविद्यालयात त्याचा प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांत स्वतः बाबासाहेब होते. पुढे १९५६ साली नागपूरला दीक्षासोहळ्याच्या वेळी तेच नाटक अफाट जनसमुदायापुढे झाले.

या प्रसंगाचे महत्त्व ध्यानात घ्या. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या नाटकाला मांडवाबाहेर उभे राहून पाहावे लागे, ती मुले रंगमंचावर होती. आणि जेथे लक्षावधी माणसे जुना धर्म टाकीत होती, तेथे नाटकाला जागा होती. दीक्षाभूमीवर जे परके मानले गेले नाही, ते आपल्या वस्तीत परके का मानावे?

शाहिरांविषयी काय सांगावे? सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले आणि २००४ साली देह ठेवीपर्यंत ते गात, रचीत, हिंडत राहिले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचे चरित्र पोहोचले ते बव्हंशी वामनदादांसारख्यांच्या कंठातून. तुमच्या घरातील आजीला विचारून पाहा. तिने पुस्तक हाती धरले नसेल, पण महाड, नाशिक, येवले, नागपूर हा क्रम ती चुकणार नाही. तिची शाळा म्हणजे रात्रीचे गाणे होते. शाहीर विठ्ठल उमप यांचे 'जांभूळ आख्यान' ज्यांनी पाहिले, ते त्यांचा आवाज विसरू शकत नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, एका समारंभाच्या रंगमंचावरच ते कोसळले आणि गेले.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तर मग आपल्याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याकडे पाहा. जांबसमर्थ हे गाव रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्याच गावातील राजकुमार तांगडे यांनी आपल्या शेतकरी सोबत्यांना घेऊन नाटके केली. २०१२ साली त्यांनी लिहिलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आले. दिग्दर्शन नंदू माधव यांचे. कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे. शिवरायांचे विचार कोणाच्या डोक्यात आहेत, याचा शोध करीत यम आजच्या एका मोहल्ल्यात येतो, असे कथानक. नाटकाचा कळस होतो तो शाहिरांच्या सवाल-जबाबात. शिवाजी कोणाचा, रयतेचा की दंगल पेटविणाऱ्यांचा, हा प्रश्न तेथे डफावर सोडविला जातो. नांगर धरणाऱ्या हातांनी मुंबई-पुण्याची नाट्यगृहे भरविली, शेकडो प्रयोग झाले. तमाशातून जलशात आणि जलशातून नाटकात आलेला हा सवाल-जबाब आपल्या शेजारच्या गावातील माणसांनी जिवंत करून दाखविला. तेव्हा 'आपल्याकडे कोण करणार?' ही सबब मंठेकरांना शोभत नाही.

आता डीजेविषयी. मिरवणुकीत तरुणांनी आनंद करावा, यास माझा विरोध नाही. परंतु हिशेब पाहा. वर्गणीचा मोठा वाटा एका रात्रीच्या भाड्यात जातो. गाडी परत जाते. घरातील म्हाताऱ्यांची छाती धडधडत राहते, तान्ही मुले दचकून उठतात, आणि शब्द एकही कानात उरत नाही. त्याच वस्तीतील जो म्हातारा गायक चाळीस वर्षे फुकट गायिला, त्याच्या औषधाला पैसे नसतात. त्याला वर्षातून एकदा शाल आणि पुष्पहार देऊन आपण मोकळे होतो. फुकट वाजवून घेणे ही गावकीची रीत होती. आपणही तेच केले, तर आपण वेठ सोडली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणून माझी मागणी चार गोष्टींची आहे. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतील निम्मी रक्कम जिवंत कार्यक्रमासाठी राखून ठेवा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास कायद्याने बंदी असते, तेव्हा फड संध्याकाळी सहालाच लावा. मुलेही जागी असतील. गायक-वादकांना मानधन ठरवून द्या आणि ते कार्यक्रमाआधी द्या.

तिसरी गोष्ट नोंदीची. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील भगिनींनी जात्यावर गायिलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या १९९६ साली गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून त्या आज ऐकावयास मिळतात. आपल्या वस्तीतील ओव्या आणि जलशाची पदे कोणी टिपली आहेत? आज प्रत्येक घरात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. एका रविवारी म्हाताऱ्यांपाशी बसा. गाणे, चाल, रचणाऱ्याचे नाव, कोठे कधी गायिले, हे एका वहीत लिहा. ती वही विहारात ठेवा. त्या म्हाताऱ्याबरोबर त्याच्या कंठातील पदेही मातीआड झाली, तर तो दोष आपला.

चौथी गोष्ट मुलींची. जलशाने स्त्रीला नाचण्याच्या सक्तीतून सोडविले, हे योग्यच झाले. परंतु आज तिला मंचापासून दूर ठेवणे, हे त्या सुटकेचे विडंबन आहे. एकतारी घेऊन भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात याच मराठवाड्याच्या. पतीच्या निधनानंतर त्या गाण्यावर त्यांनी मुले वाढविली, आणि आज त्यांचा आवाज महाराष्ट्रभर ऐकला जातो. तुमच्या मुलीच्या हाती डफ देण्यास कशाची लाज?

आबांना माझी नम्र विनंती आहे. ती हलगी चुलीत घालू नका. तिच्यावरची धूळ पुसा, चामडे शेकून ताणून घ्या, आणि नातवंडांना जवळ बसवा. कोणाच्या दारात ती पुन्हा कधी वाजवावयाची नाही, हे त्यांना सांगा. आणि विहाराच्या अंगणात ती कशी वाजवावयाची, हे शिकवा.