पात्यावर नाव कोणाचे?

हाताने घडविलेल्या शिकारी सुऱ्यांचा संग्रह करणे हा पाश्चात्त्य देशांत एक प्रतिष्ठित आणि खर्चिक छंद आहे. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात एकोणिसाव्या शतकात तयार झालेल्या ‘बोवी’ सुऱ्यांना त्यात विशेष मान आहे. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या पिढीजात कौटुंबिक कारागिरीची महती नेहमीच गायिली जाते. या महतीमागील अर्थव्यवहार मात्र फारसा कोणी तपासून पाहत नाही.

१८२७ साली मिसिसिपी नदीच्या वाळवंटात झालेल्या चकमकीमुळे जेम्स बोवी याचा सुरा अमेरिकेत गाजला. पुढील दशकापासून त्या धर्तीच्या सुऱ्यांची मागणी मोठ्या प्रमाणावर शेफील्डने पुरविली. पात्यावर शिक्का असे तो जॉर्ज वोस्टनहोमसारख्या पेढीचा. परंतु पेढी म्हणजे कारागीर नव्हे. पोलाद ठोकून पाते घडविणारा एक, ते घासून धार काढणारा दुसरा आणि मूठ बसविणारा तिसरा, अशी कामाची वाटणी होती. यांपैकी कित्येक जण ‘लिटल मेस्टर’, म्हणजे लहान उस्ताद, म्हणून ओळखले जात. वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या सामायिक कारखान्यात घासण्याच्या चाकाजवळची जागा ते भाड्याने घेत आणि नगावर मजुरी मिळवीत. नावाला ते स्वतंत्र होते. बाजारपेठ आणि शिक्का व्यापाऱ्याच्या हाती होता. मंदी आली की तिचा भार प्रथम याच उस्तादांवर पडे.

या व्यवस्थेची किंमत त्यांच्या फुप्फुसांनी मोजली. वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर पाते घासताना दगडाची आणि धातूची धूळ श्वासावाटे आत जाई. फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात शेफील्डमधील डॉक्टरांच्या आधारे नोंदविले आहे की, कोरड्या चाकावर काम करणारे सरासरी जेमतेम पस्तीस वर्षे जगत, तर ओल्या चाकावरचे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत. धूळ अडविण्याची साधने तेव्हा निघालेली होती. तरीही काही कामगारांनी ती मोडून टाकली! धंद्यातील जिवाचा धोका कमी झाला तर कामाला माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, अशी त्यांची धास्ती होती. याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण सहकाऱ्याचे दीर्घायुष्य हेच ज्या व्यवस्थेत आपल्या भाकरीवरचे संकट वाटू लागते, ती व्यवस्था कशी असेल याचा विचार वाचकांनी करावा.

अशा घरात बापाची कला मुलाकडे आली, तर तिच्याबरोबर बापाचा खोकलाही आला. ‘कौटुंबिक परंपरा’ या गोड शब्दांत हे दुसरे वारसपण बसत नाही. कारागिराला आपल्या हातगुणाचा अभिमान नव्हता असे माझे म्हणणे नाही. तो होताच, आणि व्यापाऱ्याने त्याचाही फायदा घेतला.

पुढे १८९० साली अमेरिकेने मॅकिन्ले कायद्यान्वये आयात जकात वाढविली आणि शेफील्डच्या या व्यापाराला मोठा तडाखा बसला. कालांतराने कारागीर विरळ होत गेले, तशी त्यांच्या वस्तूंची किंमत चढत गेली. मात्र जुन्या सुऱ्याच्या पुनर्विक्रीत जे मूल्य वाढते, त्यातील छदामही तो घडविणाऱ्याच्या वारसांकडे जात नाही. शेफील्डच्या जुन्या चाकू-कारागिरांपैकी अखेरच्या काहींत गणले जाणारे स्टॅन शॉ १९४१ साली वयाच्या चौदाव्या वर्षी उमेदवारीस लागले आणि २०२१ मध्ये निवर्तले. त्यांच्या हातच्या चाकूसाठी संग्राहक वर्षानुवर्षे थांबत. ज्या हातांना एके काळी नगावर मोजले गेले, त्यांची थोरवी ते हात दुर्मीळ झाल्यावरच पटावी, हा बाजाराचा न्याय आहे.

या सुऱ्यांच्या मुठींसाठी आपल्याकडील सांबराची शिंगे नावाजलेली होती. आज भारतातून त्यांच्या निर्यातीस बंदी आहे. वन्य प्राण्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. तसेच संरक्षण घडविणाऱ्या माणसालाही हवे. हस्तकला टिकविण्याची भाषा करणाऱ्यांनी वस्तूंची प्रदर्शने जरूर भरवावीत. परंतु धूळमुक्त कामाची जागा, आजारपणाचा विमा, म्हातारपणाचे निवृत्तिवेतन आणि मालावर कारागिराचे स्वतःचे नाव, या मागण्या त्याआधी मांडल्या पाहिजेत. त्यांच्यावाचून कला वाचविणे म्हणजे पाते जपणे आणि हात गमावणे होय.